पाच ते सहा लूम बंद

अवधूत इंग्रजी शिकला ते एसच्या पुढचं. यात त्याचा काही दोष नव्हता. रद्दीवाल्याकडून त्याने जी डिक्शनरी आणली तिची आधीची पानं कुणाच्या तरी भज्यांना लागली होती. एसची पानं उंदरांनी कुरतडलेली. पहिलं धड पान मिळालं ते टीचं, आणि तिथे त्याला 'टेक' हे क्रियापद भेटलं.

पान उलटलं तरी टेक. पुन्हा उलटलं तरी टेकच. टेक ऑफ, टेक ओव्हर, टेक इन, टेक आफ्टर. त्याला आधी वाटलं की छापणाऱ्याने डुलकी काढली असेल. मग त्याने सगळं वाचून काढलं आणि तो गंभीर झाला. अवधूत गंभीर झाला की घरात काळजी पसरायची.

त्याचा निष्कर्ष असा होता: इंग्रज माणूस बाकीची क्रियापदं पाहुण्यांसाठी ठेवतो, जशा आपण फळीवर चांगल्या कपबश्या ठेवतो. रोजच्या वापराला त्याचं टेक. चहा टेक, आंघोळ टेक, औषध टेक, बस टेक, फोटो टेक, परीक्षा टेक, वेळ टेक, सूडसुद्धा टेक. आजारी पडला तर टेकन इल, पोलिसांनी धरला तर टेकन इन, बायको केली तर टेक अ वाइफ. माणसाचं अख्खं आयुष्य एका शब्दात बसत असेल, तर बाकीची डिक्शनरी भज्यांना गेली म्हणून रडायचं कशाला?

"मग आपलं घेणं काय वेगळं आहे?" त्याची आई, माई, म्हणाली. "झोप घे, शपथ घे, धसका घे, फिरकी घे, कुणाला फैलावर घे. एक तू मनावर तेवढं घेत नाहीस. बाकी सगळं घेऊन झालं."

अवधूतने हे मनावर घेतलं नाही. त्याने क्लास काढला.

हे अठ्ठ्याऐंशी सालचं. त्यांचं बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर आणि खाली काळूरामशेटचे लूम, कापड विणायचे यंत्रमाग. भिवंडीत याचं कुणाला नवल नाही. लूम चालू असले की घराची जमीन हातापायांतून अंगात चढायची. फळीवरची भांडी आपल्या मनाने पुढे पुढे सरकायची आणि माई दर दोन-चार दिवसांनी त्यांना मागे ढकलायची. बोललेलं ऐकू यायचा प्रश्नच नव्हता, म्हणून घरात सगळे ओठ बघून बोलायचे. मीठ, पाणी, 'कोण आलंय' हे सगळं ओठांवर. अण्णा-माईंचं भांडणसुद्धा ओठांवरच व्हायचं, आणि ज्याने पाठ फिरवली तो हरला असं ठरलेलं होतं. शुक्रवारी लूमला सुट्टी असायची. त्या दिवशी घरात एवढी शांतता व्हायची की सगळे एकमेकांशी जरा जपून वागायचे.

अण्णा म्हणजे अवधूतचे वडील. तालुक्याच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. निरोप समारंभात मिळालेली वेताची खुर्ची खिडकीपाशी असायची आणि तिच्यावर दुसरं कुणी बसत नसे. अण्णा गावाला गेले तरी बसत नसे. अण्णांचं इंग्रजी लिहिण्यात असं होतं की मोठे साहेब त्यांचा मसुदा न वाचता सही करायचे. फक्त अण्णा आयुष्यात एकदाही इंग्रजी बोलले नव्हते. साहेबाने इंग्रजीत विचारलं की अण्णा मराठीत उत्तर द्यायचे आणि मग तेच इंग्रजीत लिहून पुढे ठेवायचे.

अशा माणसाच्या घरात एका क्रियापदाचा क्लास निघाला.

"दसऱ्यापर्यंत," अण्णा म्हणाले. "तोवर कुणा जाणत्या माणसाने सांगितलं की यात अर्थ आहे, तर ठीक. नाहीतर खारबावला मामाच्या भातगिरणीवर जायचं. मामा जागा अडवून बसलाय."

भातगिरणीला अवधूतची तशी हरकत नव्हती. पण क्लास सुरू झाल्यापासून लोक त्याला 'सर' म्हणायला लागले होते. आधी त्याला कुणी काहीच म्हणत नसत. जिन्यावर कुणी नुसतं 'सर हायत का?' विचारलं तरी तो दोन मिनिटं आतच थांबायचा, म्हणजे ते पुन्हा विचारतील. आता हे सोडून भाताचा कोंडा अंगावर घेणं त्याला नको होतं.

क्लासला माणसं बरी जमली होती. त्यातली तीन ठळक. कोन गावचा बाळाराम, ज्याच्या शेतात आता गोदामं उभी होती. त्याने पोरीला इंग्रजी शाळेत घातली, आणि पालकांच्या मीटिंगला बाईंनी खुर्ची दाखवून काहीतरी विचारलं तेव्हा हा घाबरून तास संपेपर्यंत उभाच राहिला. त्याला एकच हवं होतं. पुढच्या मीटिंगला इंग्रजीत बोलून खुर्चीत बसायचं. दुसऱ्या जानकीबाई. त्यांचं वज्रेश्वरीला देवळाबाहेर नारळाचं दुकान. "गरम पान्याच्या कुंडावर गोरी लोका येतात रे," त्या म्हणायच्या. "नुसती बघून जातात. मना हाक मारता येत न्हाय." तिसरी सुनीती, समोरच्या बिऱ्हाडातल्या भाऊंची मुलगी. नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. तिला पुढच्या वर्षी पाचवीचं इंग्रजी देणार होते, आणि ती इतकी हळू बोलायची की भाजीवाला तिला रोज दुसरीच भाजी द्यायचा.

क्लास संध्याकाळी पाच ते सहा. शुक्रवारी सुट्टी, कारण शुक्रवारी माईला तिची खोली परत हवी असायची.

आणि क्लास चालला! खाली लूमची खडखड, वर सगळे बेंबीच्या देठापासून ओरडतायत. "आय टेक सीट! यू टेक सीट!" बाळारामच्या मानेच्या शिरा फुगायच्या. "टेक नारळ! टेक टू नारळ!" जानकीबाई हातातली पिशवी नाचवायच्या. सुनीतीसुद्धा डोळे मिटून "टेक आउट युवर बुक्स!" म्हणून असं किंचाळायची की तो आवाज बाहेर गेला असता तर भाऊंनी पोलीस बोलावले असते. एकमेकांचं कुणालाच ऐकू यायचं नाही. अवधूत ओठ बघून चुका सुधारायचा. महिन्याभरात माणसं टेकवर अशी बसली की विचारू नका.

अण्णा खुर्चीत बसून पेपर आडवा धरायचे.

मग अण्णांनी दाजींना पत्र टाकलं. दाजी म्हणजे शाळा तपासणारे निवृत्त साहेब, ठाण्याला राहायचे. नोकरीत असताना ते नुसते खाकरले तरी शाळा गप्प व्हायची. अण्णा जगात ज्यांचं मानायचे असा हा एकच माणूस. दाजींचं उत्तर आलं: दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात येतो, वर्ग ऐकतो.

'ऐकतो' या शब्दावर भाऊंनी बोट ठेवलं. भाऊंना सल्ला द्यायला पत्र वाचून दाखवावं लागत नसे, ते आधीच वाचून मोकळे व्हायचे.

"ऐकतो म्हणतायत ते. काय ऐकणार? लूम? दाजी काय ओठ वाचायला शिकलेत? तू आवाज बंद कर बाबा. अर्ज कर."

अवधूतला पटलं. तो नगरपालिकेत गेला. तिथला क्लार्क म्हणाला, "आवाज आमच्याकडे नाही. आमच्याकडे पाणी, गटार आणि जन्म-मृत्यू." त्याने दुसरं ऑफिस सांगितलं. तिथे एक साहेब डबा खात होते. ते म्हणाले, "आवाज आमच्याकडे आहे. पण तो कामगारांच्या कानातला. वरच्या मजल्यावरचे कान आमच्याकडे येत नाहीत." त्यांनी वीज कचेरी सांगितली. वीज कचेरीतला माणूस समजूतदार होता. "आम्ही वीज देतो, आवाज देत नाही," तो म्हणाला. "तुमची तोडायची असेल तर तोडतो."

शेवटी सगळ्यांनी मिळून एकच सांगितलं. लेखी द्या, इंग्रजीत द्या, तीन प्रतींत द्या.

अवधूतने अर्ज लिहिला. प्लीज टेक नॉइज अवे. टेक इट फ्रॉम फाइव्ह टु सिक्स. तो टेबलावर ठेवून तो पाणी प्यायला गेला आणि परत येतो तर अण्णा अर्ज हातात घेऊन उभे. चेहऱ्यावर घरात कुणी वारल्यासारखं.

"हे या घरातून सरकारी कचेरीत जाणार?"

"हो."

"माझ्या आडनावाखाली?"

अण्णा खुर्चीत बसले, पेनचं टोपण काढलं आणि एका बैठकीत मसुदा उतरवला. क्लासला त्यांचा विरोधच होता, पण इंग्रजीची अशी विटंबना त्यांना बघवेना. मसुद्याचा शेवट होता: नेसेसरी ॲक्शन मे काइंडली बी टेकन. अवधूत म्हणाला, "अण्णा, टेकन! म्हणजे टेकच की." अण्णांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. अण्णांनी आयुष्यभर हे वाक्य लिहिलं होतं आणि त्यावर कुठल्याही कचेरीने कधी काही केलं नव्हतं.

या वेळी केलं. तिन्ही कचेऱ्यांची माणसं एकाच दिवशी आली. त्यांनी आधी क्लासचा परवाना विचारला. नव्हता. घरगुती मीटरवर धंदा का, विचारलं. माईने त्यांना चहा दिला. चहा पिताना कपबश्या चालू लागल्या तेव्हा मात्र त्यांना विषय पटला. खाली जाऊन त्यांनी काळूरामशेटकडून लिहून घेतलं: रोज पाच ते सहा लूम बंद. दारावर खडूने पाटी लागली.

काळूरामशेट वर आला, दारातच उभा राहिला.

"अण्णा, तुमचा पोरगा शिकवतोय, शिकवू दे. मी कधी बोललो? माझ्या बापाने कुना सायबाला सही दिली न्हाय. आज मी दिली. ती बी बंद करायची." एवढं बोलून तो खाली गेला. त्या दिवसापासून पाच वाजता कारागीर बाहेर पायरीवर येऊन बसायचे. ते पीसवर, म्हणजे विणलं तेवढ्याचेच पैसे घेणारे, त्यांचा तास फुकट जायचा. अवधूत जिना उतरला की ते बिड्या ओढत नुसते बघायचे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता शांततेतला पहिला क्लास.

पाच वाजले. लूम थांबले. अवधूत म्हणाला, "हं, बाळाराम, करा सुरुवात."

बाळाराम उठला. तोंड उघडलं. मिटलं. "सर, आज घसा धरलाय," तो म्हणाला आणि बसला. जानकीबाईंनी पदर तोंडाला लावला. सुनीती फरशीकडे बघत राहिली. रस्त्यावरून एक हातगाडी गेली, ती सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर बाळाराम आलाच नाही.

सल्ले सुरू झाले. भाऊ म्हणाले, रोज भिजवलेले बदाम. माई म्हणाली, दृष्ट लागली, आणि तिने मीठमोहऱ्या ओवाळल्या. खालच्या पानवाल्याने ज्येष्ठमध पाठवला. अवधूतने सगळं केलं. वर्गात सगळे ज्येष्ठमध चघळत बसायचे आणि बोलायचं कुणी नाही. अवधूतला रात्री झोपेत भाताचा कोंडा दिसायला लागला.

आणि दाजी आले.

बरोबर पाचला. पांढरा कोट, हातात छत्री, पाऊस नसताना. अण्णांनी त्यांना माईच्या माहेरची लाकडी खुर्ची दिली आणि स्वतः वेताच्या खुर्चीत बसले. पुढे चटईवर वर्ग. बाळारामला भाऊंनी कोनहून धरून आणला होता.

"बोला," दाजी म्हणाले आणि खाकरले.

त्या खाकरण्याने उरलासुरला आवाजही गेला. बाळाराम उठला, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. "आय," तो म्हणाला. मग बसला. जानकीबाई उठल्या, दाजींना नमस्कार केला, बसल्या. दाजींनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी खिडकीतून बाहेर बघितलं. अवधूतला दिसलं की अण्णांचा कान लाल झालाय. आत्तापर्यंत त्याला वाटत होतं, आपण नापास झालो तर अण्णांना बरंच वाटेल. तसं काही त्या कानात दिसत नव्हतं.

त्याने सुनीतीकडे बघितलं. सुनीतीने ओठ हलवले, आवाज न करता. त्या मजल्यावर वाढलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

'ऐकू येतंय, सर,' ती म्हणत होती. 'आमचं आम्हालाच ऐकू येतंय. चुकलं तर सगळ्यांना कळेल.'

अवधूत उठला आणि जिना उतरला.

कारागीर पायरीवर बसले होते. काळूरामशेट आत लूमच्या मधल्या गल्लीत स्टुलावर.

"शेट, लूम चालू करा."

"सहाला."

"आत्ता."

"का?"

"क्लास बोलत नाही."

काळूरामशेटने हे नीट समजून घेतलं. "म्हंजे तूच बंद करवलंस. माझी सही नेलीस. मानसं पायरीवर बसवलीस. आन् आता तुलाच आवाज पायजे."

"हो."

"लिहून दे."

अवधूतने कापडाच्या ताग्यावरची एक चिठ्ठी उचलली, तिच्या मागे लिहिलं: आय टेक बॅक माय अप्लिकेशन. खाली सही.

काळूरामशेटने चिठ्ठी उलटीसुलटी केली. "यात काय हाय?"

"मी माघार घेतो, असं आहे."

"मग मराठीत लिहाला लाज वाटतंय?"

अवधूतने चिठ्ठी परत घेतली. "वाटते," तो म्हणाला. "माझं चुकलं, हे पण लिहायला लागेल म्हणून." आणि त्याने दोन्ही मराठीत लिहिलं. पायरीवरचे कारागीर तोवर दारात येऊन उभे राहिले होते. त्यांना मराठी वाचायला वेळ लागला, पण त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग त्यातला एक म्हातारा म्हणाला, "सेठ, बाकी लिखापढ़ी बाद में। पीस पड़ा है।"

काळूरामशेटने मान हलवली.

अवधूत जिन्याच्या मध्यावर होता तेव्हा पहिला लूम लागला. मग दुसरा. तो दारात पोचेपर्यंत जमीन अंगात चढायला लागली होती. दाजींचा कप बशीत नाचायला लागला. फळीवर माईची पातेली निघाली. आणि बाळाराम उभा राहिला. छाती भरून त्याने सुरुवात केली आणि मग तो थांबेना. जानकीबाई पिशवी नाचवत उठल्या. सुनीतीने डोळे मिटले. सगळा वर्ग एकाच वेळी इंग्रजी ओरडत होता, आणि अवधूतला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, पण ओठांवर सगळं बरोबर होतं. बाळारामने तर 'टेक माय रिगार्ड्स' पण म्हटलं, जे अवधूतने शिकवलंच नव्हतं, आणि बहुतेक ते चूक होतं.

मग त्याने दाजींकडे बघितलं. दाजींचेही ओठ हलत होते. छत्री मांडीवर आडवी, नजर छताला, आणि ते कुणाला तरी इंग्रजीत सुनावत होते. कुणा जुन्या साहेबाला असावं.

आणि वेताच्या खुर्चीत अण्णा. पेपर खाली पडलेला. डोळे मिटलेले. अवधूत जवळ गेला आणि त्याने ओठ वाचले. 'विथ रेफरन्स टु युवर लेटर,' अण्णा म्हणत होते, 'आय हॅव द ऑनर टु स्टेट.' मोठ्याने म्हणत होते, गळ्याची घाटी वरखाली होत होती. साठी उलटल्यावर माणूस पहिल्यांदा इंग्रजी बोलत होता आणि ते ऐकायला लूमशिवाय कुणी नव्हतं. अवधूत मागे सरकला. त्याने बघितल्याचं दाखवलं नाही.

दाजींना सोडायला सगळे रस्त्यावर आले, तिथे जरा ऐकू येत होतं.

"मग?" अण्णा म्हणाले. "शेरा काय?"

"मला एक अक्षर ऐकू आलं नाही," दाजी म्हणाले.

"पण तुमचं मत?"

"शेरा ऐकून द्यायचा असतो, अण्णासाहेब. मी कुठे ऐकत होतो? मी बोलत होतो." एवढं म्हणून त्यांनी छत्री उघडली, बंद केली आणि रिक्षात बसले.

म्हणजे झालं काहीच नाही. जाणत्या माणसाने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माईने मुकाट्याने अवधूतचे दोन शर्ट इस्त्रीला दिले, खारबावला लागतील म्हणून.

दसऱ्याला बाळाराम सोनं द्यायला आला. मीटिंग होऊन गेली होती. "जमलं का?" माईने विचारलं.

"जमला," बाळाराम म्हणाला. "बाईंच्या डोक्यावरचा पंखा लय खडखडत होता. तवा जमला. बोललो आन् बसलो. नंतर उठलोच न्हाय, त्यांनी दोनदा थँक्यू बोलला तरी." त्याने आपट्याची पानं अवधूतच्या हातात ठेवली. "सरांमुले."

तो गेला. दसऱ्यामुळे लूम बंद होते. खाली त्यांना झेंडूच्या माळा घातलेल्या. घरात ती शुक्रवारची शांतता. माई भांडी मागे ढकलून उभी. अवधूतने खारबावची पिशवी आतून आणून दाराशी ठेवली, कारण कुणीतरी ती आणायलाच हवी होती.

अण्णा खुर्चीतून उठले. वेळ संध्याकाळचे पाच. त्यांनी पिशवी उचलली, खुंटीला टांगली. मग खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून ती खिडकीपासून ओढली आणि चटईच्या पुढे, सरांच्या जागेवर आणून ठेवली. अवधूतकडे बघितलं. काही बोलायला तोंड उघडलं, आणि एवढ्या शांततेत त्यांचाही घसा धरला. आवाज आला नाही. ओठ तेवढे हलले.

'टेक युवर सीट.'

माईने ते दारातून वाचलं आणि पाठ फिरवली.

अवधूत बसला. वेत करकरला, आणि तो आवाज घरात सगळ्यांना ऐकू गेला.